बिनसाखरेचे आबा

माझ्या दवाखान्यातून मी आजवर एकाच माणसाला वारंवार हाकलून दिलंय, आणि ते माझे घरमालक होते. जागा त्यांची, भिंती त्यांच्या, पेशंट बसायचे तो बाकसुद्धा त्यांचा. तरी मी केबिनचं दार उघडून ओरडायचे, "आबा, उठा आधी! घरात जा बघू!" आबा थर्मास काखेत मारून निमूट उठायचे, दारापर्यंत जायचे आणि तिथून वळून बाकावरच्या म्हातारीला विचारायचे, "मावशी, पोट साफ व्हतंय का?"

म्हातारी माझ्याकडे गुडघा दाखवायला आलेली असायची. तिच्या पोटाचा काही संबंध नसायचा. पण आबांच्या लेखी गुडघा, डोळा, कान, सासूचा जाच, सगळं पोटातून यायचं, आणि पोटावर इलाज एकच. थर्मासचं झाकण उघडलं जायचं, म्हातारीच्या हातात कप जायचा आणि मी कपाळाला हात लावायचे.

हे सगळं यवतचं. आता माझा दवाखाना शिरूरला आहे, बाक नवा कोरा आहे आणि त्यावर कुणी आगाऊ माणूस बसत नाही. बरं चाललंय माझं. पण हल्ली रोज एक तरी पेशंट विचारतोच, "मॅडम, वजन उतरवायला ग्रीन टी कुठल्या कंपनीचा घेऊ?" तेव्हा मला हसू येतं, आणि आबांची इतकी आठवण येते की पुढचं प्रिस्क्रिप्शन लिहायला क्षणभर सुचत नाही.

आबा मूळचे वडगाव रासाईचे. घराणं मेंढरांमागे हिंडणाऱ्यांचं, वडिलांच्या वेळी भीमेकाठी शेती करून एका जागी बसलेलं. आबांना मात्र बसणं जमलं नाही. फौजेत ड्रायव्हर म्हणून गेले, आसामच्या अंगाला बरीच वर्षं ट्रक चालवले आणि परत आले ते एक पत्र्याची ट्रंक आणि हिरव्या चहाचं वेड घेऊन. मग यवतला हायवेपासून जरा आत घर बांधलं, पुढच्या दोन खोल्या भाड्याला काढल्या आणि माझ्या नशिबाला आले.

वेड कसं लागलं ते ते ज्याला-त्याला सांगायचे. मीच किती वेळा ऐकलं असेल. तिकडं म्हणे त्यांना एकदा असे जुलाब लागले की ट्रकमधून खाली उतरायची ताकद राहिली नाही. चहाच्या मळ्यातल्या एका म्हातारीनं झोपडीत नेऊन निजवलं आणि वाफवलेल्या पाल्याचं नुसतं पाणी पाजलं. "दूध न्हाई, साखर न्हाई, नुसता पाला. संध्याकाळच्याला मी उठून बसलो आन् भाकर मागितली. भाकर कुठली तिकडं? तिनं भात दिला." इथं ते थांबायचे. म्हातारीची भाषा त्यांना कळत नव्हती, त्यांची तिला नव्हती. "पर पोट कळतं बाई सगळ्यास्नी," असं म्हणून ते पुढचा कप भरायचे.

त्या पाल्याबद्दल त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात शिकवणी दिली. मी आयुर्वेदाची डॉक्टर, पाटी लावून बसलेले, तरीही. "झाड एकच हाय, बाई. पाला आंबवून वाळवला की दुकानातला काळा चहा. आंबायच्या आत वाफ दिली की हिरवा. एकाच घरातली दोन पोरं. एक बिघडलं, एक ऱ्हायलं."

"आबा, आमच्या ग्रंथांत चहाचं नाव नाही," मी म्हणाले. मला वाटलं, आता गप्प बसतील.

"म्हंजी लिवणाऱ्याला मिळाला न्हाई," आबा म्हणाले. "मिळाला असता तर पहिल्या पानावर घातला असता."

मी त्यांना सांगितलं, की रस तुरट आहे. तुरट रस धरून ठेवतो, सुकवतो, म्हणून तुमचे जुलाब थांबले. पण ज्याला आधीच मलावरोध आहे त्याला तुम्ही हा पाजलात तर तो तुमच्या नावानं शिमगा करील. आबांनी सगळं ऐकून घेतलं. "धरून ठेवतो," एवढंच त्यांना आवडलं. मग जो येईल त्याला तेच सांगायला लागले, की डॉक्टरीणबाई सवता म्हणाल्यात, हा माणसाला धरून ठेवतो.

माझ्या दवाखान्याच्या उद्घाटनाची गोष्ट तर सांगायलाच हवी. आई शिरूरहून आली होती, सत्यनारायण घातला होता, शेजारपाजार जमला होता. हायवेवरच्या हॉटेलातून चहा मागवायचं माझ्या मनात होतं, पण आबा म्हणाले, "चहाचं माझ्याकडं लागलं. तुम्ही निवांत ऱ्हावा." मी निवांत राहिले. मग आबा ट्रे घेऊन आले. काचेचे कप, आणि त्यात फिकट पिवळसर हिरवं पाणी. दुधाचा थेंब नाही.

आमच्याकडं बिनदुधाचा चहा एकाच ठिकाणी मिळतो. माती देऊन माणसं परत येतात, तेव्हा मयताच्या घरी कोरा चहा देतात. बाकी शत्रू जरी दारात आला तरी दूध घालूनच. पहिला कप गल्लीतल्या एका वयस्कर पाव्हण्यांच्या हातात गेला. त्यांनी कपात बघितलं, डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली, आणि माझ्या आईकडं वाकून हळू आवाजात विचारलं, "कोण गेलं म्हनायचं?"

आईचा चेहरा मला अजून दिसतो. मला तर धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. आबा मात्र ट्रे धरून तसेच उभे. "कोण बी गेलेलं न्हाई," ते म्हणाले, "आन् ह्यो पिला तर इतक्यात जानार बी न्हाई." कुणीतरी खो-खो हसलं आणि निभावलं. तरी त्या दिवशी आईनं सगळ्यांना बळेबळे दोन-दोन पेढे चारले, अपशकुन पुसायला. आबांशी ती पुढं कितीतरी महिने बोलली नाही.

आबांची चहाची झाडं वडगाव रासाईला विहिरीजवळ होती. तिथली जमीन काळी, चिकट, उसाची. चहाला ती चालत नाही, त्याला आंबट माती लागते. म्हणून आबांनी मुळशीच्या बाजूनं टेम्पोभर लाल माती आणून खड्डे भरले होते, वर हिरवी जाळी बांधली होती, शेवग्याची सावली धरली होती. उन्हाळ्यात विहिरीचं पाणी खारट होतं म्हणून पावसाचं पाणी ड्रमात साठवायचे आणि तेच तांब्यानं घालायचे. आजूबाजूच्या रानात पाटानं पाणी वाहतंय आणि हे आपले तांब्या घेऊन झाडांपुढं बसलेत. एकदा खताला म्हणून भावकीतल्या मेंढक्याची मेंढरं त्यांनी तिथं रात्रभर बसवली, घरच्या रिवाजाप्रमाणं. सकाळी गाव बघायला गोळा झालं, की आता पाला राहिला असेल का? पाला जसाच्या तसा. एकाही मेंढरानं तोंड लावलं नव्हतं. गाव म्हणालं, मेंढरू खात नाही ते माणसाला काय पाजता? आबा म्हणाले, "मेंढराला अक्कल असती तर त्यानं मला राखलं असतं."

झाडं जगली, पण त्यांनी अंग कधी धरलं नाही. दोन पानं आणि कोंब असं वेचून मूठ-दोन मूठ पाला निघायचा. तो मोदकपात्रात वाफवायचा, पाटावर तळहातानं चोळायचा, सुपात सावलीला वाळवायचा. एवढ्याशा पाल्यावर अख्ख्या यवतला पाजणं कसं व्हायचं, याचं मला कोडं होतं. मग एकदा त्यांच्या फळीवर मागच्या बाजूला पुण्याच्या दुकानातले पुडे दिसले. मी विचारलं तर म्हणाले, "ते इरजन हाय." दूध बाजारचं असलं तरी विरजण घरचं म्हणणारी माणसं असतात, हे आपले उलटे.

करायची पद्धत अशी की देवपूजा परवडली. पाणी खळखळा उकळू द्यायचं नाही. तळाशी बुडबुडे धरले की उतरवायचं, जरा निवू द्यायचं, मग पाला. कप भरला की तो खिडकीच्या उजेडात धरायचा आणि म्हणायचं, "सोनं हाय, सोनं." त्याशिवाय कुणाच्या हातात द्यायचा नाही. आणि सगळ्यात कडक नियम म्हणजे लोखंड लागू द्यायचं नाही. पितळ चालेल, स्टील चालेल, माती चालेल, लोखंड नाही. एकदा त्यांच्या सुनेनं, वैशालीनं, घाईत लोखंडी कढल्यात पाणी ठेवलं. चहा काळपट झाला. आबांनी तो सगळा मोरीत ओतला. रागावले नाहीत, सुनेवर ते कधीच रागवत नसत, पण तिला बोलावून मोरीत वाहणारं काळं पाणी दाखवलं. "ह्याचं आन् लोखंडाचं वैर हाय, पोरी. ध्यानात ठेव."

उरलेला चोथासुद्धा वाया जायचा नाही. गांधीलमाशी चावली की चोथा बांध, तोंडाला वास येतो तर गार चहानं चूळ भर, पायाला घाम येतो तर त्यात पाय बुडव. थोडंफार खरंही होतं त्यातलं. पण दुपारी गार चोथा दोन्ही डोळ्यांवर थापून ते माझ्या बाकावर उताणे झोपायचे, हात छातीवर. एकदा कासुर्डीकडची एक बाई लेकराला घेऊन आली, आबांना बघितलं आणि दारातच गळा काढला. आबा उठून बसले, डोळ्यांवरून पाला गळून पडला, तशी ती लेकरासकट पळाली. तिला परत बोलवायला मला रिक्षा स्टँडपर्यंत धावत जावं लागलं. त्या दिवशी मी आबांना जे काही बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही.

त्यांच्या घरातलं मुख्य भांडण साखरेवरून होतं. मुलगा पाटसला साखर कारखान्यात फिटर. आजूबाजूला नजर जाईल तिथं ऊस. वडगावच्या रानातसुद्धा चहाचे चार खड्डे सोडले तर ऊसच. आणि आबा सगळ्या दुनियेला सांगत सुटलेले, की साखर सोडा. मुलगा वैतागायचा, "आबा, आपल्याच पोटावर पाय देताय तुम्ही!" आबा म्हणायचे, "साखर इकायला हाय, खायाला न्हाई. दारूवाला काय दारू पितो व्हय?" मुलगा हायवेवरच्या टपरीवर जाऊन दुधाचा, आल्याचा, गोडमिट्ट चहा पिऊन यायचा. बापाच्या चहाला घरात शिवणारी एकटी वैशाली.

वैशाली तांदळीची, म्हणजे नदीपलीकडची. बोलायला कमी, कामाला वाघ. सकाळी मी दवाखाना उघडायला यायचे तेव्हा मागच्या अंगणात ही पायरीवर बसलेली असायची, दोन्ही हातांत कप धरून, आणि समोर आबा उभे. "कसा झालाय?" ते विचारायचे. "छान झालाय, मामा," ती म्हणायची. रोज हेच. मला वाटायचं, चला, एक तरी गिऱ्हाईक आहे बिचाऱ्यांना.

वैशालीला दिवस गेले आणि आबा पारच बदलले. बाकावरून उठून ते घरात जायला लागले, मी न ओरडता. कारण मला माहीत होतं. आबांची बायको मुलाच्या वेळी बाळंतपणात गेली होती. अंगात रक्त नव्हतं, त्यात रक्तस्राव झाला. आबा तेव्हा आसामात. तार पोहोचून ते येईपर्यंत सगळं आटोपलेलं. मुलगा आत्याच्या हातावर वाढला. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, तेसुद्धा थर्मास धुता धुता, माझ्याकडं पाठ करून.

म्हणून सरकारी दवाखान्यातून रक्तवाढीच्या लाल गोळ्या मिळाल्या तेव्हा त्या आबांनी ताब्यात घेतल्या. चुकून एक दिवस राहायला नको. गोळ्या रोज जात होत्या. पालेभाजी, नाचणी, गूळ-शेंगदाणे, मी सांगेन ते आबा आणत होते. आणि तरी तपासणीत रक्त काही हलेना. वैशाली पांढरीफटक दिसायला लागली. दोन बादल्या उचलल्या की भिंतीला धरून उभी राहायची. तिकडच्या मॅडमनी सांगितलं, पुढच्या वेळेलाही असंच राहिलं तर पुण्याला न्या, रक्त चढवावं लागेल, बाळंतपण इथं करायची जोखीम आम्ही घेणार नाही. माहेरी तिची भावजय त्याच महिन्यांत बाळंत व्हायची होती, म्हणून तिकडं पाठवायचीही सोय नव्हती.

त्या दिवशी आबा माझ्या केबिनमध्ये आले. थर्मास नव्हता. खुर्चीवर बसलेसुद्धा नाहीत. "डॉक्टरीणबाई, गोळ्या खोट्या हायत का?"

"नाही हो आबा. त्याच गोळ्यांनी बाकीच्या बायकांचं वाढतंय."

"मग माझ्याच घरात का?" म्हणाले. त्यांचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता. जंताचं औषध झालं होतं, बाकीच्या तपासण्या झाल्या होत्या. मी घरी जाऊन पुस्तकं काढून बसले.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीपेक्षा लवकर आले, मागच्या अंगणात नळावर हात धुवायला गेले, तर समोर दिसलं. वैशाली पायरीवर. आबांनी डबीतून लाल गोळी काढली, तिच्या तळहातावर ठेवली. मग कप भरला, उजेडात धरला, "सोनं हाय" म्हणाले, आणि दुसऱ्या हातात दिला. "घे. गरम चहासंगं लवकर इरघळती."

रोज! इतके महिने रोज मी तिचा कप बघत होते आणि दुसऱ्या हातातली गोळी कधी दिसली नव्हती, कारण ती मी यायच्या आधी गिळलेली असायची. तुरट रस धरून ठेवतो, हे मीच सांगितलं होतं ना? जुलाब धरतो तसाच तो पोटात लोहालाही धरतो. रक्तात जाऊच देत नाही.

रागानं माझ्या ओठांवर दहा वाक्यं आली. पण आबांकडं बघितलं आणि एकही बोलवेना. पोराच्या तोंडात घास घालावा तसे ते सुनेच्या गोळीकडं बघत उभे होते. मी वैशालीला म्हटलं, "थांब, गिळू नकोस." तिच्या हातातून कप घेतला, गोळी घेतली. गोळी पायरीवर ठेवून दवाखान्याच्या किल्लीनं ठेचली आणि तो चुरा कपात टाकला.

"अवो, अवो, काय करताय?" आबा पुढं आले.

"बघा तुम्हीच."

आधी जरा लालसर झालं, वरच्या रंगाचं. मग कडेनं करडं व्हायला लागलं. मग बघता बघता सगळा कप काळा. दौतीतली शाई असावी तसा. कपाचा तळ दिसेना.

आबांना समजावून सांगायची गरजच पडली नाही. लोखंडाचं वैर त्यांच्याइतकं कुणाला माहीत होतं? त्यांनी कप माझ्या हातातून घेतला आणि सवयीनं उजेडात धरला. पलीकडचा उजेड काही दिसला नाही. पहिल्यांदाच ते मला 'बाई' म्हणायचं विसरले.

"पोरी, गोळीत लोखंड असतं?"

"लोहच असतं, आबा. त्याचीच गोळी."

"म्हंजी पोटात बी असंच व्हतंय?"

"असंच."

ते खाली बसले, तिथंच नळापाशी, ओल्यात. "हिला बी मीच..." एवढंच म्हणाले. त्या 'बी'त कोण होतं ते वैशालीला कळलं आणि मलाही. मी घाईघाईनं म्हणाले, "आबा, अजून वेळ आहे. दोन महिने आहेत हातात. चहा बंद आणि गोळी लिंबूपाण्याबरोबर. लिंबानं उलट गोळी चांगली लागू पडते." त्यांनी मान हलवली, उठले, पायात चपला अडकवल्या आणि ओल्या धोतरानंच बाहेर पडले.

दुपार झाली तरी पत्ता नाही. मुलाला फोन केला, तो कारखान्यातून निघाला. मला एकच भीती, की वडगावला जाऊन झाडं उपटतायत. इतकी वर्षं तांब्यानं पाणी पाजून जगवलेली झाडं. वैशाली जेवायला तयार होईना. पायरीवर बसून होती, आणि मग आपणहून बोलायला लागली.

"डॉक्टर, मला त्यो चहा कवाच आवडला न्हाई. कडूजार लागतो. घशाखाली उतरत न्हाई."

"मग रोज कशाला पीत होतीस बाई?"

"माहेरी आम्ही पाच बहिनी. समद्यांस्नी पाजून उरला तर मला. लग्न होऊन आले, दुसऱ्या दिवशी सकाळी उठून चुलीकडं निघाले, तर मामांनी हितं बसवलं आन् सासऱ्यानं सुनेच्या हातात कप दिला. घरात कुनी चहा प्याला नव्हता. पहिला मला." तिनं पदरानं डोळे पुसले. "नको कसं म्हनू? अन् आता म्हनायला पायजे व्हतं का?"

संध्याकाळच्या एस्टीनं आबा उतरले. पाठीवर पोतं. ते अंगणात आणून ओतलं आणि सगळीकडं लिंबंच लिंबं झाली. एका पोटुशा बाईला लिंबं किती लागतात? आबांनी वडगावातली जेवढी कागदी लिंबाची झाडं होती तेवढी झोडपली होती. लिंबं गडगडत पार माझ्या दवाखान्याच्या दारात आली. मी आणि वैशाली हसायला लागलो आणि हसता हसता दोघीही रडलो. आबा हसले नाहीत. त्यांनी किटली, थर्मास, मोदकपात्र आणि पाल्याचा डबा एका कापडात बांधला आणि माळ्यावर टाकला.

दुसऱ्या दिवसापासून ते यवतभर हिंडले. ज्या-ज्या बाईला त्यांनी कधी चहा पाजला होता तिच्या दारात जाऊन उभे राहायचे. "रक्ताच्या गोळ्या घेता का? माझा चहा त्यासंगं घेऊ नका. मला ठावं नव्हतं." आमच्याच गल्लीतली एक फटकळ बाई त्यांना म्हणाली, "घाबरू नका आबा. तुमचा चहा मी पयल्यापास्नं तुळशीत वतते." आबांनी मला हे येऊन सांगितलं. "बरं झालं," म्हणाले. आणि मग म्हणाले, "तरीच तिची तुळस जोमात हाय." म्हणाले तसं, पण त्यांना लागलं होतं.

बाकावर ते आले नाहीत. केबिनचं दार उघडून ज्याच्यावर ओरडावं असं कुणी नव्हतं. पेशंट यायचे, बसायचे, इकडंतिकडं बघायचे. "आबा कुठंयत? बरं हाय ना त्यांचं?" ज्यांनी त्या चहाला कायम नावं ठेवली तीच माणसं विचारत होती. मलाही ती शांतता खायला उठायची. देवाशपथ सांगते, कुणी माझ्या पेशंटला पोटाबद्दल विचारावं म्हणून मी तळमळत होते.

वैशालीचं रक्त वाढलं. एकदम नाही, पण वाढलं. गालावर रंग आला. पुण्याला न्यायची गरज पडली नाही. मुलगी झाली, ठणठणीत, आणि रडायला अशी की हायवेवरच्या ट्रकचे हॉर्न फिके पडावेत.

बारशाला घर भरलं होतं. आई शिरूरहून आली होती, आबांशी आता बोलत होती. मुलानं आचारी लावून भगोणंभर चहा उकळला होता, दूध, साखर, वेलदोडा, सगळं घातलेला. आबा नवा फेटा बांधून तोच चहा पाव्हण्यांना वाटत होते. एक शब्द न बोलता. मला त्यांच्या हातात तो ट्रे बघवेना.

पाळणा म्हणून झाला, नाव ठेवून झालं. बायका वैशालीच्या हातातही कप द्यायला लागल्या. तिनं तो बाजूला सारला आणि भरल्या घरात, सासऱ्याला कधी मान वर करून न बोललेली ती पोर, मोठ्यानं म्हणाली, "मामा, माझा चहा कुठंय?"

आबा ट्रे घेऊन तसेच उभे राहिले. "त्यो तुला न्हाई," ते म्हणाले. "त्यो बंद हाय."

"गोळी सकाळीच झाली. मधी किती येळ जायला पायजे ते मी इचारून घेतलंय," ती म्हणाली, आणि माझ्याकडं बोट केलं. "इचारा डॉक्टरांस्नी."

आबांनी माझ्याकडं बघितलं. आयुष्यभर सगळ्यांना न विचारता पाजणारा माणूस. त्यांना त्या चहासाठी आजवर कुणी आपणहून हाक मारली नव्हती, हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं. मी म्हटलं, "एका कपानं काही होत नाही, आबा. गोळीपासून लांब असला म्हणजे झालं."

मुलगाच माळ्यावर चढला आणि गाठोडं उतरवून दिलं. पाण्याच्या तळाशी बुडबुडे धरले, तसं त्यांनी भांडं उतरवलं, निवू दिलं. कप भरला. खिडकीशी गेले आणि उजेडात धरला. पलीकडचं सगळं अंगण त्यातून पिवळं-हिरवं दिसत होतं. ते नेहमीचं वाक्य बोलले नाहीत. कप घेऊन सुनेसमोर आले. "गोळी नक्की सकाळी घेतली?"

"व्हय, मामा."

वैशालीनं एक घोट घेतला आणि तोंड असं वाकडं केलं की मांडीवरची पोरगी दचकली.

"कसा झालाय?" आबांनी विचारलं.

"कडूजार," वैशाली म्हणाली. "पयल्या दिवसापास्नं कडूजार लागतोय, मामा." आणि तिनं कप रिकामा करून पुढं केला. "अजून अर्धा द्या."